वणव्यात संत्र्याची बाग होरपळली. भरपाईसाठी अर्ज कुठे? (काटोल तालुका)

मदत हवी आहे. कोंढाळीकडे आमची दीड एकर संत्रा बाग जंगलाला लागून आहे. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडांखालचा पाला पेटवला असावा (दर उन्हाळ्याचंच आहे हे), वणवा धुऱ्यावरून आत आला. साधारण ६० झाडं होरपळली, ड्रिपच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या, गोठा आणि तुरीचं कुटार (जनावरांचा सुका चारा) राख. जनावरं वाचली.

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांना कळवलं, पंचनामा झाला, पण त्यात फक्त गोठा लिहिलाय. झाडांचं विचारलं तर एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं. पोलिसांत नोंद केली आहे, फोटो तारखेसह आहेत. सातबारा बाबांच्या नावावर, संत्र्याची नोंद आहे, खातं आधारला जोडलेलं. फळपीक विमा हवामानावर आधारित, त्यात आग बसत नाही. जमीन खाजगी आहे, अतिक्रमण नाही.

३३ टक्क्यांवर नुकसान असेल तर आपत्ती निधीतून मदत मिळते, एवढं माहीत आहे. पण झाडं हिरवी दिसत असली तरी खोडाची साल सुटतेय, हे कोण ठरवणार? पुरवणी पंचनामा तहसीलदारांकडे मागायचा की कृषी सहायकाकडे? आणि तोवर जळक्या फांद्या छाटल्या तर पुरावा जाईल का?