प्रतिसाद: ऑस्ट्रियाच्या गावांच्या नोटा

वर कोणीतरी लिहिलंय की महागाई आभाळाला भिडली म्हणून ऑस्ट्रियातल्या गावांनी स्वतःच्या नोटा छापल्या. थोडा फरक आहे. १९२० च्या आसपासच्या या नोटा बहुतेक १०, २०, ५० हेलरच्या, म्हणजे सुट्टे पैसे (१०० हेलर म्हणजे १ क्रोन, हे तिथलं तेव्हाचं चलन). पहिल्या महायुद्धात धातू गेला, उरलेली नाणी लोकांनी दाबून ठेवली, आणि दुकानात सुट्टे द्यायचे कुठून असा प्रश्न आला, मग ग्रामपंचायतींनीच कागदाचे तुकडे छापले. महागाईचा खरा भडका त्यानंतर, १९२१-२२ मधे उडाला आणि तेव्हा हेलरला किंमतच उरली नाही.

मला आवडतं ते त्यांचं रूप. खिशात मावेल एवढा कागद, त्यावर गावातलं चर्च नाहीतर किल्ला, खाली सरपंचाची छापील सही आणि अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल असा मजकूर. पण गंमत अशी की संग्राहक त्या नोटा विकत घेऊन जपून ठेवायचे, परत आणायचेच नाहीत, म्हणजे ती रक्कम गावाच्या तिजोरीत राहायची! हे कळल्यावर अनेक गावांनी मुद्दाम रंगीत मालिका काढल्या, हाल्स्टाटसारख्या छोट्या गावाच्यासुद्धा नोटा आहेत.

आणि कृपया व्योर्गल (ऑस्ट्रियातलंच एक गाव, त्यानेही स्वतःच्या नोटा काढल्या होत्या) यात मिसळू नका, ते १९३२ चं, मंदीतलं, नोट चालू राहावी म्हणून दर महिन्याला तिच्यावर तिच्या किमतीच्या एक टक्क्याचं तिकीट चिकटवायचं प्रकरण. त्यावर वेगळा धागा काढायला हवा, विषय मोठा आहे.