टीडीएसचा परतावा ५८,००० रुपये : एकट्या आईने आधी कशासाठी वापरावा?

फिजिओ_नाशिक :
नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट असून दोन रुग्णालयांत सल्लागार म्हणून काम करते. पगार नाही, मानधन मिळते आणि त्यातून दरमहा दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्यापूर्वीच कापला जाणारा आयकर, कापला जातो. माझ्या उत्पन्नावर प्रत्यक्षात कर लागत नसल्याने विवरणपत्र भरल्यावर ही सारी रक्कम परत येते. यंदा व्याजासह सुमारे ५८,००० रुपये जमा झाले आहेत. घटस्फोटानंतर मुलीचा ताबा माझ्याकडे आहे. डिसेंबरात तिला दहा वर्षे पूर्ण होतील. तिच्या वडिलांकडून पोटगी कधी येते, कधी येत नाही. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश आणि वह्या-पुस्तके असा सगळा खर्च एकदम अंगावर आल्याने क्रेडिट कार्डावर २१,००० रुपये थकले असून तेव्हापासून मी केवळ किमान रक्कम भरत आहे. आईचे म्हणणे, मुलीसाठी सोने घेऊन ठेव. भावाचे म्हणणे, सुकन्या समृद्धी खाते, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेतले खाते, उघड. आपण काय सुचवाल?

आकडेमोड :
ताई, सर्वप्रथम कार्डाची पूर्ण थकबाकी भरावी. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक; इतका परतावा देणारी कोणतीही सुरक्षित योजना बाजारात नाही. शिवाय मागील बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे किराणा त्याच कार्डावर घेत असाल तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढत असते. दागिना म्हणजे घडणावळ आणि जीएसटीचे पैसे पहिल्याच दिवशी गेले. आईंची भावना समजते, पण यंदा सोने नको. आणखी एक गोष्ट : टीडीएसचा परतावा करपात्र नसला तरी त्यावर मिळालेले व्याज करपात्र असते, ते पुढच्या विवरणपत्रात दाखवायला विसरू नका.

पोस्टाची_खिडकी :
कार्डाबाबत सहमत आहे, परंतु सुकन्या खाते डिसेंबरपूर्वी उघडाच, कारण मुलीला दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही. २०२४ पासून त्यावर ८.२ टक्के व्याज मिळत आले आहे आणि ते करमुक्त आहे. मात्र आता उघडलेले खाते २१ वर्षांनी, म्हणजे मुलीने तिशी ओलांडल्यावर परिपक्व होईल. ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते. कॉलेजच्या प्रवेशासाठी सगळी भिस्त याच खात्यावर ठेवल्यास त्या वेळी ओढाताण होईल. म्हणून तूर्त २५० रुपयांत खाते सुरू करून ठेवावे, दरवर्षी किमान तेवढे भरत राहावे आणि जमेल तेव्हा भर घालावी.

दोन_बाजू :
वरील दोन्ही उत्तरांत मुलीचा विचार आहे, कमावणाऱ्या आईचा नाही. आपला व्यवसाय हातांवर आणि पाठीवर चालतो. मनगट मोडले तर मानधन त्याच दिवशी थांबेल, कारण सल्लागाराला ना भरपगारी रजा, ना भविष्य निर्वाह निधी. त्यामुळे उरलेल्या ३७,००० रुपयांपैकी पहिला हक्क आपल्या विम्याचा आहे : दोघींचा आरोग्य विमा, आपला मुदत विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा) आणि तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला ठरावीक रक्कम देणारा वैयक्तिक अपघात विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर जीएसटी लागत नाही, हेही लक्षात घ्यावे. रुग्णालयातल्या ओळखीवर उपचार स्वस्तात होतील, असे काही जण समजतात; त्यावर विसंबू नये.

मुदत विम्यात मुलीला नामनिर्देशित करताना ती अल्पवयीन असल्याने तिच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे नाव द्यावे लागते. ते नाव एजंटला घाईत भरू देऊ नका. हिंदू कायद्यानुसार आईच्या पश्चात वडील नैसर्गिक पालक ठरतात. तेव्हा पैशाचा कारभार आपल्या भावाकडे किंवा आपल्या आईकडे राहावा अशी आपली इच्छा असल्यास वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे आणि त्यातच मुलीसाठी विश्वस्तव्यवस्था करता येईल का, हे विचारावे. माझ्या मते या परताव्यातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच आहे.

फिजिओ_नाशिक :
मनापासून आभार. आरोग्य विमा आहे, पण मुदत आणि अपघात विमा दोन्ही नाहीत. हप्ते भरून जे उरेल ते वेगळ्या बचत खात्यात ठेवीन, म्हणजे पोटगी चुकलेल्या महिन्यात कार्ड काढावे लागणार नाही. एक शंका : दरवर्षी अशी एकरकमी रक्कम हाती येणे बचतीच्या दृष्टीने चांगलेच नाही का?

आकडेमोड :
सक्तीची बचत म्हणून ते सोयीचे वाटते, पण आपल्या बाबतीत तसे झालेले नाही. दरमहा सुमारे ४,७०० रुपये आपल्याच कमाईतून कापले जात होते आणि त्याच काळात जूनचा खर्च कार्डावर गेला. सरकार परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज देते, कार्ड त्याच्या सातपट घेते. कर लागणार नसेल तर कमी किंवा शून्य दराने टीडीएस कापण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून मिळवता येते. अर्ज ऑनलाइन होतो, मागील वर्षांची विवरणपत्रे आणि चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज द्यावा लागतो, आणि दोन्ही रुग्णालयांचे टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याला आयकर विभागाने दिलेला क्रमांक) हाताशी लागतात. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी कापलेल्या रकमेला ते लागू होत नाही, म्हणून एप्रिल उजाडताच सनदी लेखापालांकडून अर्ज करून घ्या.