फॉर्म म्हणतो ३८ ग्रॅम फॅट, तेलाची बाटली वेगळंच सांगते

जुना_हिशेबनीस

मंडळी, एक हिशेब जुळत नाहीये. आयुष्यभर गोदामातला स्टॉक मोजला, त्यामुळे न जुळलेला आकडा झोपू देत नाही.

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलमुळे आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. शंभराच्या वर ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे नऊ गोल, 'कधीच नाही' पासून 'दिवसातून ६ किंवा जास्त वेळा' पर्यंत. गेल्या वर्षभराचं आठवून गोल काळे करायचे. लोण्याच्या ओळीवरच मी अडकलो. लोणी घरात आलं की मी तीन आठवडे रोज खातो, मग नऊ आठवडे त्याचं तोंड बघत नाही. २१ भागिले १२, म्हणजे आठवड्याला पावणेदोन वेळा. पावणेदोनचा गोल नाही! 'एकदा' आहे आणि त्यानंतर थेट '२ ते ४'. मी 'एकदा' काळा केला. (खरं सांगतो, समोर आहारतज्ज्ञ बसल्या होत्या म्हणून.)

रिपोर्ट आला: रोजचे १,४२० कॅलरी, फॅट ३८ ग्रॅम, म्हणजे २४ टक्के ऊर्जा फॅटमधून. त्या ३८ पैकी स्वयंपाकाचं तेल फक्त ९ ग्रॅम. शाबासकी मिळाली.

घरी आल्यावर मी सवयीप्रमाणे स्टॉक काढला. स्वयंपाक मीच करतो, बायको नोकरी करते. तेलाची बाटली काट्यावर ठेवली. पंधरा दिवसांत आरंभीची शिल्लक अधिक खरेदी वजा अखेरची शिल्लक, वापर बरोबर ९०० ग्रॅम. माणसं दोन. माणशी रोज ३० ग्रॅम! फॉर्मचे ९ कुठे आणि हे ३० कुठे. बाकीचं २९ फॉर्मवर विश्वास ठेवून तसंच धरलं, तरी एकूण ५९ होतात आणि टक्केवारी २४ वरून ३३ वर जाते. तळणीचं उरलेलं तेल मी गाळून पुन्हा बाटलीतच ओततो, त्यामुळे फेकलेलं जवळपास काही नाही.

चूक माझी, फॉर्मची की काट्याची?

वाटी_चमचा

काका, काट्याची नाही. मी काही वर्षं आहार सर्वेक्षणात मुलाखती घ्यायचे, म्हणून थोडं आतलं सांगते.

त्या फॉर्मने तुमचं तेल मोजलंच नाही. तुम्ही 'शिजवलेली भाजी, दिवसातून दोनदा, मध्यम वाटी' असं भरलंत. पुढे संगणकाने आपल्या तक्त्यातून एका ठरीव भाजीचं फॅट उचललं आणि वाटीने गुणलं. त्या ठरीव भाजीत कुणीतरी कधीतरी धरलेलं तेल आहे. तुमच्या कढईत तीन चमचे पडले काय नि अर्धा पडला काय, उत्तर तेच येणार. साखर, फळं, अंडी माणसाला दिसतात आणि मोजता येतात. तेल जिरून जातं. खाणाऱ्याला ते दिसत नाही, आणि स्वयंपाक न करणाऱ्याला तर विचारूच नका.

आम्ही वर्षाचं विचारत नसू, फक्त कालचं विचारायचो. आधी माणसाला मध्ये न तोडता बोलू द्यायचं, मग हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी काढायच्या, मग वेळ आणि प्रसंग, मग प्रत्येक पदार्थाचा तपशील, आणि उठता उठता पुन्हा एकदा 'अजून काही?' पहिल्या फेरीत लोणी कधीच यायचं नाही. ब्रेड यायचा. 'त्यावर काही लावलं होतं का?' विचारलं की मग सुरीवर किती होतं ते बोटाने दाखवायचे. एका बाईंनी तिसऱ्या फेरीत आठवून सांगितलं की मुलाच्या ताटातलं उरलेलंही त्यांनीच संपवलं होतं. असलं काही नऊ गोलांत बसत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने या पाच टप्प्यांच्या पद्धतीची ५२४ जणांवर तपासणी केली होती. एकूण ऊर्जा सरासरी ११ टक्के कमी सांगितली गेली. वजन प्रमाणात असलेल्यांत तर फरक ३ टक्क्यांच्याही आत होता. अर्थात एका दिवसावरून माणूस कळत नाही, काल उपास असू शकतो. म्हणून निदान दोन-तीन वेगवेगळे दिवस लागतात.

आणि एक शंका. बायको दुपारचं घरी जेवतात का? तुम्ही सरळ दोनने भागलंय.

आकडेमोड

वाटी_चमचा यांनी फॉर्मचं सांगितलं, मी तपासणीचं सांगतो. फॅटची खरी अडचण तिथे आहे.

माणूस किती ऊर्जा खातो हे न विचारता काढता येतं. त्याला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजतात. जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर जातो, जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोन आठवडे लघवी तपासायची. दोघांच्या घटण्यातल्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती तयार झाला ते कळतं, त्यावरून ऊर्जा किती खर्च झाली ते. वजन स्थिर असेल तर जेवढी खर्च तेवढीच खाल्ली. प्रथिनांचाही साक्षीदार आहे, लघवीतला नायट्रोजन.

हे दोन्ही वापरून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९९-२००० मध्ये ४८४ जणांवर 'ओपन' नावाचा अभ्यास केला. कालचं विचारलं तेव्हा पुरुषांनी ऊर्जा १२ ते १४ टक्के कमी सांगितली, प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के. स्त्रियांमध्ये हेच आकडे १६ ते २० आणि ३४ ते ३८.

आता फॅट. त्याचा असा साक्षीदारच नाही. जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, नाही जळलं तर साठा. रक्तातली स्निग्धाम्लं बघता येतात, पण त्यातून ग्रॅम मिळत नाहीत, फार तर प्रमाण मिळतं. तेही ओमेगा-३ सारख्या, शरीराला मुळापासून बनवता न येणाऱ्या आम्लांचं. पामिटिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल मात्र शरीर कर्बोदकांपासूनही बनवतं, त्यामुळे ते रक्तात दिसलं म्हणजे ताटातूनच आलं असं म्हणता येत नाही. म्हणून फॅटच्या प्रश्नावलीची परीक्षा बहुतेक वेळा दुसऱ्या लिहून घेतलेल्या नोंदीशी घेतात. दोन्हीकडे तोच माणूस लोणी लपवत असेल तर दोन्ही आकडे छान जुळतात आणि प्रश्नावली पास होते!

सरळ_प्रश्न

म्हणजे फॅट आणि हृदयरोग, फॅट आणि कर्करोग यांवरचे सगळे अभ्यास कचरापेटीत?

आकडेमोड

नाही. ग्रॅम चुकले तरी कोण जास्त खातं आणि कोण कमी, हा क्रम बऱ्यापैकी टिकतो. १९८५ मध्ये बॉस्टनच्या १७३ परिचारिकांची ६१ पदार्थांची प्रश्नावली त्यांच्याच एकेक आठवड्याच्या चार तोललेल्या नोंदींशी ताडून पाहिली होती. वेगवेगळ्या पोषकांसाठी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.३६ ते ०.७५ निघाला. जास्त खाणारे आणि कमी खाणारे असे ढोबळ गट पाडायला एवढा चालतो. एका माणसाला '२४ टक्के, शाब्बास' म्हणायला चालत नाही.

पण क्रमही धूसर असला की खरा संबंध असेल तर तो फिका दिसतो. ब्रिटनमधल्या नॉरफोकच्या १३,०७० स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये आला. सात दिवसांच्या डायरीवरून संपृक्त फॅट आणि स्तनाचा कर्करोग यांत संबंध दिसला (कमी ते जास्त फॅट खाणाऱ्यांचे पाच समान गट पाडले, तर एकेका गटाने वर जाताना जोखीम १.२२ पट). त्याच स्त्रियांच्या प्रश्नावलीवरून तो १.१० वर आला आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. यावरून फॅटने कर्करोग होतो हे सिद्ध होत नाही, रुग्ण १६८ च होते. पण मोजपट्टी बदलली की निष्कर्ष बदलतो, एवढं त्यात स्वच्छ दिसतं.

जुना_हिशेबनीस

वाटी_चमचा ताई, पकडलंत! बायको कामाच्या दिवशी दुपारचं बाहेर जेवते. पंधरा दिवसांत असे दहा दिवस. शिवाय पाहुण्यांची सहा ताटं मी धरलीच नव्हती. काल रात्री पुन्हा मांडलं. दोघांची साठ ताटं, त्यातली दहा वजा, सहा जमा, राहिली छप्पन्न. ९०० भागिले ५६, म्हणजे ताटामागे १६ ग्रॅम. माझी ताटं तीस. म्हणजे माझं रोजचं ३२!

मला वाटलं होतं दुरुस्तीनंतर कमी होईल.

बायकोलाही तोच फॉर्म भरायला दिला. तिचं तेल आलं १४ ग्रॅम, कारण तिने प्रत्येक ठिकाणी 'मोठी वाटी' धरली. कढई एकच आहे. आता दोन्ही फॉर्म आणि तेलाचा तक्ता घेऊन गुरुवारी आहारतज्ज्ञांकडे जातोय. लोण्याचं पावणेदोन पेन्सिलीने समासात लिहिलंय.