निरोप कसा पोचायचा? तुमचे अनुभव सांगा

गेल्या शंभर वर्षांत निरोप पोचवायची साधनं इतक्या वेळा बदलली की एकाच घरातल्या आजी-नातवाला एकमेकांची यंत्रं ओळखू येत नाहीत. शोध कुणी आणि कधी लावला हे पुस्तकात सापडतं. पण ते यंत्र वापरताना हात काय करत होते, कान कुठे लागलेले असायचे, हे वापरणाऱ्यांनीच सांगायला हवं. एक विनंती: ‘आमच्या वेळी सगळं छान होतं’ एवढ्यावर थांबू नका. त्या साधनात काय मावायचं आणि काय मावायचं नाही, ते लिहा.

मालवाहू जहाजावरचा निवृत्त रेडिओ ऑफिसर

आधी रेडिओ रूममधल्या घड्याळाबद्दल सांगतो. त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर लाल पट्टे रंगवलेले असत. काटा लाल पट्ट्यात शिरला की ५०० किलोहर्ट्झवरच्या, म्हणजे जहाजांच्या हाका आणि संकटसंदेशांच्या लहरीवरच्या, प्रत्येक जहाजाने पाठवणं थांबवायचं आणि तीन मिनिटं फक्त ऐकायचं. लांबवर कुणी क्षीण बॅटरीवर एसओएस देत असेल, तर तो गोंगाटात बुडू नये म्हणून. कॅप्टनचा निरोप कितीही घाईचा असो, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. गजबजलेल्या सागरी मार्गावर मोर्सचा, म्हणजे आखूड-लांब आवाजांच्या लिपीचा, नुसता कल्लोळ चाललेला असायचा आणि घड्याळाबरोबर तो ओसरायचा, मागे खरखर तेवढी उरायची. कधीही न भेटणारी इतकी माणसं एकमेकांसाठी शिस्तीत गप्प बसतात, अशी दुसरी व्यवस्था मी पाहिली नाही.

मोर्समध्ये माणूस कळत नाही, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. कुणाचा ‘डा’, म्हणजे लांब आवाज, जरा जास्तच लांबायचा, कुणी दोन शब्दांमध्ये जास्त फट ठेवायचा. ओळखीच्या ऑपरेटरने जहाजाचं नाव सांगायच्या आत तो कोण ते कळायचं. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस ही उपग्रह आणि डिजिटल रेडिओवरची यंत्रणा पूर्णपणे लागू झाली. आता बटण दाबलं की जहाजाची ओळख आणि ठिकाण जातं, मोर्स येणारा माणूस शुद्धीवर असावा लागत नाही. माझ्या कामाची गरज संपली, तरी हा बदल योग्यच होता असं मी ठामपणे म्हणेन.

शॉर्टवेव्हची श्रोती

व्हॉल्व्हचा रेडिओ तापल्याशिवाय बोलायचा नाही. दूरच्या स्टेशनच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येतात, त्यामुळे आवाज चढायचा, विरायचा. नेमकं महत्त्वाचं वाक्य बुडालं की पुढच्या बातम्यांपर्यंत थांबायचं. १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला आणि हळूहळू जो तो आपापलं स्टेशन लावू लागला. मोबाइलने घर विखुरलं म्हणतात, पण माझ्या मते सुरुवात तिथूनच झाली.

कॅसेटवर वाढलेली मुलगी

बाबा परदेशी होते. आमचं पत्र म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं. पहिल्या बाजूला सगळे भाषण केल्यासारखे बोलायचे. आई दुसरी बाजू स्वतःसाठी ठेवायची आणि आम्ही झोपल्यावर बोलायची. ती बाजू मी आजही ऐकलेली नाही, ऐकणारही नाही.

तीच कॅसेट परत यायची, आमच्या आवाजावर बाबांचा आवाज भरून. एकदाच तसं झालं नाही. आजीने ओव्या म्हटल्या होत्या, ती कॅसेट बाबांनी तशीच परत पाठवली. मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडलेले होते. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही.

छापखान्यातला जुळारी, नंतर डीटीपी

शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, उलटे असतात, त्यामुळे आम्ही मजकूर आरशातल्यासारखा सहज वाचायचो. जोडाक्षरांमुळे देवनागरीच्या केसमध्ये कप्पे पुष्कळ, हात आपोआप तिकडे जायचा. संगणक आल्यावर सुटलो असं वाटलं, तर प्रत्येक फाँटचा संकेत वेगळा! इथला लेख दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती चिन्हं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या एकाच सामाईक संकेताच्या, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण छपाईच्या कामात ती रुळायला फार वर्षं गेली.

एसएमएसचंही तेच. एका संदेशात १४० बाइट. रोमन अक्षरं १६० मावायची, देवनागरी ७०. त्यातही ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, अशी तिघांची जागा. लोक मराठी रोमनमध्ये लिहू लागले त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. जागाच अर्धी दिली होती.

जन्मतः बहिरी वाचक

वरचे बहुतेक अनुभव कानाचे आहेत, म्हणून लिहिते. टेलिफोन १८७६ चा. बहिऱ्या माणसाला तो वापरता यावा म्हणून टेलिप्रिंटर, म्हणजे टंकलेला मजकूर दूरवर पोचवणारं यंत्र, फोनच्या तारेला जोडणारं उपकरण १९६४ मध्ये तयार झालं, तेही रॉबर्ट वाइटब्रेक्ट या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने केलं. मला स्वतःला पहिला ‘फोन’ मिळाला तो एसएमएसच्या रूपाने. त्याआधी प्रत्येक निरोप दुसऱ्याच्या तोंडून जायचा, अगदी खासगीसुद्धा.

व्हिडिओ कॉलवर मी पहिल्यांदा दूरच्या मैत्रिणीशी माझ्या भाषेत, खुणांच्या भाषेत भांडले. नेटवर्क कमी पडलं की बोटं धूसर होतात, मग आम्ही सावकाश खुणा करतो, दिवा समोर घेतो, अंगात साधा एकरंगी कपडा असतो. व्हिडिओ टाकणाऱ्यांनो, खाली ओळी द्या, आणि त्या एकदा स्वतः वाचून दुरुस्त करून मगच टाका.