माकपचा सरचिटणीस ८५ जणांनी निवडावा की दहा लाखांनी?

पुलावरचा

६ एप्रिल २०२५ ला मदुराईत माकपचं, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं, २४वं अधिवेशन संपलं आणि एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये आधीचे सरचिटणीस सीताराम येचुरी वारले तेव्हापासून पद रिकामं होतं, प्रकाश करात समन्वयक म्हणून काम बघत होते. बेबींबद्दल माझी तक्रार नाही. एसएफआय-डीवायएफआय या पक्षाच्या विद्यार्थी-युवक संघटनांमधून वर आलेला, राज्यसभेत आणि केरळच्या मंत्रिमंडळात राहिलेला माणूस आहे. भांडण आहे ते निवडीच्या पद्धतीशी.

अधिवेशनाला आलेले प्रतिनिधी केंद्रीय कमिटी निवडतात, ८५ जणांची. ती कमिटी पॉलिट ब्युरो (पक्षाचं रोजचं काम बघणारं वरचं छोटं मंडळ) आणि सरचिटणीस निवडते. झालं. आता बऱ्याच पेपरांत असं आलं की पॉलिट ब्युरोत बेबींच्या नावावर एकमत नव्हतं, बंगालची मंडळी आपल्या अशोक ढवळेंच्या बाजूने होती. म्हणजे दोन नावं होती. एकीकडे केरळात सत्ता चालवून पाहिलेला नेता, दुसरीकडे २०१८ साली नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमागचा, पक्षाच्या किसान सभेचा अध्यक्ष. यातून पक्षाची वाट बदलली असती की नसती? दोघांनी पक्षाच्या दहा लाख सभासदांसमोर उभं राहून हे सांगायला काय हरकत होती?

काँग्रेसला आपण घराणेशाहीवरून येता-जाता टोमणे मारतो. तिथेही २०२२ ला अध्यक्षपदासाठी खर्गे विरुद्ध थरूर झालं आणि ७,८९७ विरुद्ध १,०७२ हे आकडे सगळ्यांसमोर आले. कामकऱ्यांच्या पक्षाला एवढं जमू नये? लोकसभेत माकपचे खासदार २००४ ला ४३ होते, २०२४ ला ४ आहेत. झाकून ठेवण्यासारखं उरलंय तरी काय?

सातपूरकर

अर्धी माहिती घेऊन धागा काढलाय. मदुराईतच केंद्रीय कमिटीसाठी मतदान झालं, तेही गुप्त. आमच्या नाशिकचे, सिटू या पक्षाच्या कामगार संघटनेचे डॉ. डी. एल. कराड अधिकृत पॅनेलच्या बाहेरून उभे राहिले. ३१ मतं पडली, हरले. आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात होता. काय झाकलं?

दुसरं म्हणजे, आमच्याकडे आधी माणूस ठरत नाही, आधी धोरण ठरतं. अधिवेशनाच्या दोन महिने आधी राजकीय ठरावाचा मसुदा प्रत्येक शाखेपर्यंत जातो. आमची शाखा कारखान्यातल्या कामगारांची. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर पत्र्याच्या खोलीत बसतो. एकजण मसुदा मोठ्याने वाचतो, बाकीचे मध्येच थांबवून विचारतात. या वेळी कंत्राटी कामगारांच्या परिच्छेदावरच तासभर गेला, कारण खोलीतले निम्मे स्वतःच कंत्राटी. शेवटी दुरुस्ती लिहून पाठवली. देशभरातून अशा दुरुस्त्या जातात. तुमच्या खर्गे-थरूर निवडणुकीत धोरणावर एक ओळ तरी बदलली का?

विळा_कोयता

@सातपूरकर, ३१ च्या आकड्याचा अभिमान कसला? मावळती कमिटी पॅनेल मांडते, आणि त्याविरुद्ध उभं राहणं म्हणजे जणू घरात भांडण काढणं. कराड उभे राहिले याची बातमी झाली हेच सांगतं की असं किती क्वचित होतं. स्वतःसाठी मत मागितलं तर गटबाजीचा शिक्का. मत मागायला बंदी आणि मत द्यायला मोकळीक, ही निवडणूक कुठली?

मसुद्यावर चर्चा होते हे खरं, आणि ते चांगलंच आहे. पण मसुदा अंमलात कोण आणणार यावर तुमच्या पत्र्याच्या खोलीत किती मिनिटं गेली?

सातपूरकर

शून्य. आणि त्याचं मला काही वाटत नाही. सरचिटणीस म्हणजे मालक नव्हे. १९९६ ला ज्योती बसूंना पंतप्रधान करायचं की नाही हा प्रश्न आला तेव्हा सरचिटणीस सुरजित स्वतः 'करा' म्हणणाऱ्यांत होते. केंद्रीय कमिटीने नाही म्हटलं, सुरजितांनी तो निर्णय घेऊन बाहेर तोंड दिलं. बसू पुढे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हणाले, पण पक्षात राहूनच म्हणाले. दहा लाखांनी थेट निवडलेला सरचिटणीस कमिटीचं ऐकेल? तो म्हणेल, माझ्यामागे सभासद आहेत, तुम्ही कोण?

लंडनस्थ

सातपूरकर म्हणतात ते आम्ही इकडे जगलोय. २०१५ ला ब्रिटनच्या लेबर पक्षात नेता निवडायला एक सभासद एक मत झालं, वर तीन पौंड भरून समर्थक म्हणून नोंदणी केली की त्यालाही मत. पक्षातले डावे जेरेमी कॉर्बिन यांना उमेदवारीसाठी ३५ खासदारांच्या सह्या लागत होत्या, मिळाल्या ३६. त्यातल्या काहींनी तर केवळ चर्चा व्हावी म्हणून सही दिली होती. आणि ते ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. मीही त्यांना मत दिलं होतं. पुढच्याच वर्षी खासदारांनी १७२ विरुद्ध ४० ने अविश्वास दाखवला, तरी फेरनिवडणुकीत ते ६१.८ टक्क्यांनी परत आले. सभासद एकीकडे, खासदार दुसरीकडे. चार वर्षं पक्ष आपसात भांडत बसला.

तरीही मी थेट निवडणुकीच्याच बाजूने आहे. त्या दोन उन्हाळ्यांत हॉल भरायचे, लोक बाहेर फुटपाथवर उभे राहून ऐकायचे. रेल्वे पुन्हा सरकारी कराव्यात ही गोष्ट तोवर पक्षातले शहाणे बोलायलाही कचरत, ती चारचौघांत आली. हरणं-जिंकणं नंतरचं.

गोदाकाठ

लंडनस्थ, तुमच्याकडे खासदार विरुद्ध सभासद झालं, आमच्याकडे एक राज्य विरुद्ध बाकी देश होईल. या मुद्द्याला कुणी हात घालत नाही म्हणून लिहितो.

माकपचे सभासद साधारण दहा लाख. त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या केरळात. सरळ मतदान घेतलं तर तिरुवनंतपुरममधून जे नाव निघेल तोच सरचिटणीस, कायमचा. महाराष्ट्राने मोर्चे काढावेत, मतं केरळने मोजावीत. आता २०१५ चं विशाखापट्टणम आठवा. एस. रामचंद्रन पिल्लै यांचं नाव चर्चेत होतं, केरळचा कल त्यांच्याकडे होता. तरी झाले येचुरी, कारण कमिटीत बंगाल आणि इतर राज्यांचं म्हणणं ऐकावं लागलं. तुमच्या थेट लोकशाहीत येचुरी कधी सरचिटणीस झालेच नसते. ढवळेही होणार नाहीत, हे पुलावरचा यांनी ध्यानात घ्यावं.

विळा_कोयता

आणि आत्ताच्या पद्धतीत ढवळे झाले का? 😀

रमाईनगर

सगळे केरळ-बंगाल मोजताहेत, मी दुसरी मोजणी करते. पक्ष १९६४ चा. पॉलिट ब्युरोत पहिली बाई, वृंदा करात, २००५ मध्ये. पहिला दलित, बंगालचे रामचंद्र डोम, २०२२ मध्ये. अठ्ठावन्न वर्षं! आता मदुराईत वृंदा करात, सुभाषिनी अली वयाच्या नियमाने बाहेर गेल्या आणि मरियम ढवळे, यू. वासुकी आत आल्या. अठरांत दोन. बाया होत्या तेवढ्याच राहिल्या. निवड बंद खोलीत ज्यांच्या हातात, ते आपल्यासारखेच शोधतात. पण थेट मतदानाने हे बदलेल असं मला मुळीच वाटत नाही. दहा लाखांच्या मतदानात प्रसिद्ध माणूस निवडून येईल, आणि प्रसिद्ध कोण होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

वयाचंही बघा. ७५ ची मर्यादा सगळ्यांना, पिनराई विजयन यांना सूट. तेव्हा केरळचे मुख्यमंत्री होते म्हणून.

चहाबाज

महाराष्ट्रात यांचा एक आमदार, डहाणूचे विनोद निकोले. नाशिक जिल्ह्यातला कळवण मतदारसंघ जीवा पांडू गावितांसारख्या जुन्या आमदारालाही राखता आला नाही. आणि इथे सरचिटणिसावर ही एवढी लढाई!

सातपूरकर

@चहाबाज, एका आमदाराच्या पक्षाने २०१८ च्या लाँग मार्चने सरकारला लेखी आश्वासन द्यायला लावलं. मोठ्या पक्षांचे किती आमदार मोजायचे त्यासाठी?

@रमाईनगर, विजयन यांच्या सुटीबद्दल शाखेतही कुरकुर झाली, नाकारत नाही. पण सरचिटणिसाला तीन मुदतींची मर्यादा आहे, २०१२ पासून. करात तीनदा राहिले आणि उतरले. दुसऱ्या कुठल्या पक्षाचा प्रमुख असा नियमाने उतरतो ते सांगा.

पुलावरचा

गोदाकाठ यांचा केरळचा मुद्दा वजनदार आहे. तेव्हा दहा लाखांचं सोडतो. मधला मार्ग असा: सरचिटणिसाची निवड केंद्रीय कमिटीने न करता अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी करावी. ते शाखा, तालुका, जिल्हा, राज्य असे निवडूनच आलेले असतात. नावं दोन महिने आधी, मसुद्याबरोबरच जाहीर व्हावीत. प्रत्येकाने चार पानं लिहावीत: संघटना कुठे सडली, काँग्रेसशी किती जवळीक ठेवायची, बंगाल परत कसा उभा करायचा. ती चार पानंही सातपूरकरांच्या खोलीत मोठ्याने वाचली जावीत. उमेदवाराने मत मागणं ही गटबाजी नव्हे, असं पक्षाच्या घटनेत स्पष्ट लिहावं.

गोदाकाठ

प्रतिनिधींतही केरळ-बंगालचाच भरणा असतो, कारण संख्या सभासद आणि त्या राज्यातली पक्षाची, चळवळींची ताकद बघून ठरते. पण हे दहा लाखांच्या मतदानापेक्षा बरं. चार पानांची कल्पना मला आवडली. फक्त हरलेला माणूस नंतर पॉलिट ब्युरोत टिकेल याची हमी कोण देणार?

सातपूरकर

चार पानं वाचू, त्यात काही वाईट नाही. पण चार पानं लिहिणारा निवडून आल्यावर ती पानं पक्षाच्या ठरावाच्या वर चढणार, हे मी लिहून देतो. ठराव सगळ्यांनी मिळून केलेला, पानं एकट्याची. आणि घटनादुरुस्ती फक्त अधिवेशन करू शकतं, म्हणजे आता पुढच्या अधिवेशनापर्यंत तीन वर्षं थांबा. तोवर दुरुस्तीचा मजकूर नीट लिहून ठेवा. आमच्या शाखेत मांडतो, माझं मत मात्र विरोधात पडेल.

विळा_कोयता

हात वर करून की गुप्त?