इलेक्ट्रोलिसिस: क्रीम लावूनही अप्परलिपला सहन होत नाही

ऐरोलीकर
ठाण्यात नौपाड्याला हनुवटी आणि अप्परलिपचं इलेक्ट्रोलिसिस (सुईने करंट देऊन केस कायमचे काढणं) चालू आहे. मशीन थर्मोलिसिसचं, म्हणजे उष्णतेने मूळ मारणारं, सिटिंग अर्ध्या तासाची. हनुवटी निभते. नाकाखाली मात्र सुई गेली की डोळ्यांतून पाणी आणि शिंका. लिडोकेन-प्रायलोकेनचं बधिर करणारं क्रीम २० मिनिटं आधी लावते, फरक शून्य. क्रीम बदलू की गोळी घेऊ? तिथल्या ताई म्हणतात, सवय होईल.

सुई_नंबर_४
सवय होईल हे काही उत्तर नाही. क्रीमचं नंतर बघू, आधी नेमकं कधी दुखतं ते ओळखा.

करंट सुरू व्हायच्या आधी, सुई आत जातानाच टोचत असेल तर कोन किंवा खोली चुकतेय. सुई केसाच्या वाटेनेच सरकायला हवी. रक्ताचा ठिपका आला म्हणजे त्या वाटेची भिंत फुटली. वर्षानुवर्षं थ्रेडिंग केलं असेल तर मुळं वाकडी झालेली असतात, तिथे हात आणखी सावकाश चालवावा लागतो. आणि चिमट्याने केस काढताना खेच जाणवली, तर तो केस मेलेला नाही, नुसता उपटलाय. म्हणजे दुखणंही तुमचं आणि केसही परत येणार. नीट मारलेला केस लोण्यातून निघाल्यासारखा निघतो.

मग सुईचा नंबर विचारा. नंबर २ म्हणजे साधारण ०.०५ मिमी, नंबर ४ म्हणजे ०.१ मिमी. जाडी केसाएवढी हवी. जाड केसाला बारीक सुई घातली की उष्णता टोकाशी एकवटते आणि चटका बसतो. थर्मोलिसिसला इन्सुलेटेड सुई मागून बघा. तिचं फक्त टोक उघडं असतं, त्यामुळे वरच्या त्वचेला झळ कमी लागते. गॅल्व्हॅनिक (क्षाराने केस मारणारी पद्धत) किंवा ब्लेंडला (दोन्हींचं मिश्रण) ती चालत नाही, कारण तिथे केस मारणारा क्षार सुईच्या पूर्ण लांबीभर तयार व्हावा लागतो.

अप्परलिपला कोपऱ्यांकडून आत यायला सांगा. मधल्या खोबणीत एका वेळी पाच-सहाच केस, की लगेच हनुवटीवर जायचं, मग परत. लागून-लागूनचे केस एकाच दिवशी घ्यायचे नाहीत. उष्णता साठते, दुखतं, आणि आपल्या त्वचेवर काळे डाग पडतात ते बहुतेक यामुळेच. ओठ आणि हिरडीच्या मधे कापसाची छोटी वळी ठेवली तर दातांत जाणारी कळ कमी होते.

गोळी_आणि_ट्यूब
क्रीम बरोबर आहे, वेळ चुकतेय. २.५ टक्के लिडोकेन आणि २.५ टक्के प्रायलोकेन असलेलं क्रीम (प्रिलॉक्स वगैरे) तासाभरात साधारण ३ मिमी खोल उतरतं, दोन तासांत ५ मिमीपर्यंत. २० मिनिटांत ते वरच्या थरातच असतं आणि केसाचं मूळ खाली.

प्रमाण दर १० चौरस सेंमीला १ ते २ ग्रॅम. बोटाच्या एका पेरावर ओळ काढली की अर्धा ग्रॅम होतो, म्हणजे अप्परलिपला दोन-तीन पेरं पुरतात. चोळून जिरवायचं नाही, जाड थर तसाच ठेवून वर क्लिंग रॅप लावायचा. ओठाच्या आत, नाकपुडीत, डोळ्याजवळ नको. खरचटलेल्या त्वचेवर तर मुळीच नको. सुई लागायच्या आधी नीट पुसून काढा. तेलकटपणा राहिला तर केस दिसत नाही आणि चिमटा घसरतो.

जास्त टक्केवारीचं, बनवून दिलेलं क्रीम कुणी दिलं तर घेऊ नका. मोठ्या भागावर असं क्रीम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यामुळे लेझरने केस काढणाऱ्या दोन जणी दगावल्या होत्या. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००७ मध्ये त्यावर इशारा दिला. जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल किंवा डॅप्सोन (कुष्ठरोग, त्वचारोगावरचं औषध) चालू असेल तर प्रायलोकेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळी घ्यायचीच तर जेवून, तासभर आधी, पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०. ॲसिडिटी, अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेनच्या वाटेला जाऊ नका. ॲस्पिरिन नको, डाग आणि रक्त वाढतं.

ऐरोलीकर
तासभर आधी म्हणजे घरीच लावून निघायचं. लोकलमध्ये रॅप लावून? मे महिन्यात?

गोळी_आणि_ट्यूब
वरून साधा मास्क लावा, कुणाला कळतही नाही. अडचण घामाची. ट्रान्स-हार्बरला गर्दीत उभं राहिलात की रॅपच्या कडा सुटतात आणि क्रीम ओठात उतरतं. रॅपऐवजी जखमेवर लावायची पारदर्शक चिकटपट्टी घ्या, ती घामातही टिकते. नाहीतर लवकर पोहोचून तिथेच लावा.

कोपरखैरणे_ई
वर सगळं आलंच आहे, फक्त एका गोष्टीशी असहमत. पूर्ण बधिर करून बसू नका. करंटची तीव्रता जास्त होतेय हे सांगणारी तुमचीच जाणीव असते, ती गेली की भाजलेलं घरी गेल्यावर कळतं. शिवाय या क्रीमने त्वचा पांढरी पडते, त्यामुळे लालीही लवकर दिसत नाही. नवीन सेटिंग असेल तेव्हा हनुवटीच्या ज्या कडेला क्रीम लावलेलं नाही तिथले पाच-सात केस आधी करून घ्या, मग बधिर भागाकडे या.

बाकी: पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस टाळा, तेव्हा जास्त लागतं. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर, त्या सकाळी चहा-कॉफी नको. त्वचेत ओल असली की कमी करंटमध्ये काम होतं. नंतर कपड्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, २४ तास मेकअप नाही, आणि स्कूटरवर जाणार असाल तर हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासणार नाही असा बांधा.

सुई_नंबर_४
बधिर करण्याबद्दल पटलं. एवढं करूनही नाकाखाली जमलं नाही, तर दात काढताना देतात तसं इंजेक्शन हा पर्याय आहे, पण ते डेंटिस्ट किंवा स्किनच्या डॉक्टरांकडूनच. पार्लरमध्ये कुणी सिरिंज काढली तर उठून या. आणि दोन सिटिंगच्या मधे थ्रेडिंग बंद. वाटलंच तर कात्रीने कापा किंवा रेझर फिरवा, फक्त सिटिंगच्या आधी दोन-तीन दिवस तेही नको, चिमट्यात यायला केस २ मिमी तरी लागतो.