सप्ताहाच्या व्हिडिओंतून फक्त आवाज काढायचाय: एमपी३ बनत नाही, बनली तर टाळ चिरकतात

टाळकरी

रामकृष्ण हरी मंडळी. हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनांचे ६२ व्हिडिओ आहेत, एकेक साधारण दोन तासांचा. काही मोबाइलवरचे एमपी४, काही डीएसएलआरचे एमओव्ही, आणि काही जुन्या डीव्हीडींवरच्या व्हीओबी फाइली. चित्र नको, फक्त आवाज हवा. एक प्रत जपून ठेवायला आणि एक पेनड्राइव्हवर टाकून मंदिरातल्या साउंड बॉक्सवर लावायला. साउंड बॉक्स फक्त एमपी३ वाजवतो. लॅपटॉपवर उबुंटू आहे, एफएफएमपेग (कमांड देऊन व्हिडिओ-आवाज बदलायचा प्रोग्राम) टाकलेलं आहे.

अडचणी अशा:

१. ही कमांड दिली (उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरं आणि आकडे):

एफएफएमपेग -आय काला.एमपी४ -व्हीएन -सी:ए कॉपी काला.एमपी३

तर "नेमकी एक एमपी३ ऑडिओ स्ट्रीम हवी" अशा अर्थाची एरर येते आणि फाइल शून्य बाइटची राहते.

२. त्यातलं "-सी:ए कॉपी" काढलं तर एमपी३ बनते, पण गजर चढला की टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा येतो.

३. एका वर्षीच्या सगळ्या एमओव्ही हेडफोनवर ठणठणीत ऐकू येतात, साउंड बॉक्सवर मात्र आवाज जवळजवळ गायब.

४. ६२ वेळा हाताने कमांड द्यायची नाही.

---

काळी खिडकी

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. एमपी४, एमओव्ही, व्हीओबी हे डबे आहेत. आत आवाज कुठल्या कोडेकमध्ये (आवाज दाबून भरायच्या पद्धतीत) भरलाय ते डब्याच्या नावावरून ठरत नाही. आणि फाइलला एमपी३ नाव दिल्याने आतला एएसी आवाज एमपी३ होत नाही. डब्यावर साखर लिहिलं म्हणून मीठ गोड होतं का?

"कॉपी" म्हणजे आतला आवाज आहे तसा, एकही बिट न बदलता उचलून दुसऱ्या डब्यात ठेवणं. तुमच्या मोबाइलच्या फाइलीत एएसी आहे, एमपी३ चा डबा एएसी घेत नाही, म्हणून एरर. "कॉपी" काढल्यावर एफएफएमपेगने आवाज उलगडून पुन्हा एमपी३ मध्ये दाबला. बिटरेट (सेकंदाला किती माहिती ठेवायची) सांगितला नाही तर तो १२८ केबीपीएस धरतो. एकदा दाबलेला आवाज पुन्हा दाबला की सगळ्यात आधी मरतात ते टाळ आणि चिपळ्या, कारण त्यांचा आवाज वरच्या पट्टीत पसरलेला आणि एकदम उसळणारा असतो. बुवांचा बोलण्याचा आवाज त्याच बिटरेटला ठीक वाटतो. म्हणून पूर्वार्ध ऐकून "छान झालंय" असं ठरवू नका, गजराचा भाग ऐका.

आधी आत काय आहे ते बघा:

एफएफप्रोब -व्ही एरर -सिलेक्ट_स्ट्रीम्स ए -शो_एंट्रीज स्ट्रीम=इंडेक्स,कोडेक_नेम,सॅम्पल_रेट,चॅनल्स,बिट_रेट काला.एमपी४

उत्तर आलं की डबा ठरतो. एएसी असेल तर एम४ए. एसी३ (डीव्हीडीवर बहुतेक हेच) असेल तर एसी३. ओपस असेल तर ओपस. पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज, तो डब्ल्यूएव्हीमध्ये. बऱ्याच डीएसएलआरच्या एमओव्हीत हाच पीसीएम असतो, आणि तो एम४ए नावाने कॉपी करायला गेलात तर "हा कोडेक या डब्यात चालत नाही" अशी वेगळी एरर मिळेल.

एएसीसाठी:

एफएफएमपेग -आय काला.एमपी४ -मॅप ०:ए:० -सी:ए कॉपी काला.एम४ए

"-मॅप ०:ए:०" म्हणजे पहिल्या फाइलमधली पहिली ऑडिओ स्ट्रीम. ते दिलं की "-व्हीएन" लागत नाही. दोन तासांचा आवाज काही सेकंदांत निघतो, कारण एन्कोडिंग होतच नाही. मिनिटं लागत असतील तर "कॉपी" लिहायचं राहिलंय असं समजा.

जपायची प्रत नेहमी अशी कॉपी केलेलीच ठेवा. साउंड बॉक्ससाठीची एमपी३ तिच्यावरून बनवा:

एफएफएमपेग -आय काला.एम४ए -मॅप ०:ए:० -सी:ए लिबएमपी३लेम -बी:ए १९२के काला.एमपी३

१९२ ला दोन तासांची फाइल सुमारे १७३ एमबी होते. ६२ कीर्तनं मिळून ११ जीबीच्या आत, म्हणजे १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर सगळा सप्ताह मावतो. ३२० कशाला? मूळ एएसी ९६ किंवा १२८ चा असेल तर ३२० केल्याने गेलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

---

तारांचा गुंता

तिसऱ्या अडचणीवर बोलतो, कारण तिथे फाइल खराब झाली असं समजून लोक ती टाकून देतात. फाइल चांगली आहे, चूक केबलची आहे.

मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून एक्सएलआर केबल घेऊन ती साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनने कॅमेऱ्यात लावली की असं होतं. बॅलन्स्ड जोडणीत एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. कॅमेऱ्याला वाटतं हे डावे-उजवे चॅनल आहेत, आणि तो डावीकडे सुलटा, उजवीकडे उलटा रेकॉर्ड करतो. हेडफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे ऐकू येतात, म्हणून ठणठणीत. साउंड बॉक्स दोन्ही चॅनल एकत्र करतो, तिथे अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात.

खात्री अशी करा. फक्त डावा चॅनल घेऊन एक मिनिट काढा:

एफएफएमपेग -एसएस ००:३०:०० -टी ६० -आय दिवस३.एमओव्ही -मॅप ०:ए:० -एएफ "पॅन=मोनो|सी०=सी०" तपास.डब्ल्यूएव्ही

हा तुकडा साउंड बॉक्सवर नीट वाजला की निदान पक्कं. यात "-एसी १" वापरू नका. तो दोन्ही चॅनल मिसळूनच मोनो करतो, म्हणजे तुमचा आवाज फाइलमध्येच पुसला जाईल. त्यावरून एमपी३ बनवून मूळ व्हिडिओ काढून टाकला तर हाती काही उरत नाही.

डावा चॅनल घेतला तरी काम भागतं, पण त्याहून चांगला मार्ग वजाबाकीचा:

-एएफ "पॅन=मोनो|सी०=०.५*सी०-०.५*सी१"

उजवा चॅनल उलटाच आहे, तो वजा केला की सुलटा होऊन डाव्यात मिळतो. शिवाय केबलमध्ये शिरलेली विजेची घरघर दोन्ही तारांवर सारखी असते, ती याच वजाबाकीत बरीचशी जाते. बॅलन्स्ड केबल असते ती याचसाठी. कॅमेऱ्याने जे करायला हवं होतं ते आपण नंतर करतोय.

उभ्या रेघेमुळे अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) तिला दोन कमांड जोडणारा पाइप समजेल. आणि फिल्टर लावला की "कॉपी" चालत नाही, दोन्ही एकत्र दिले तर एफएफएमपेग थांबतं. आवाज बदलायचा म्हणजे तो उलगडून पुन्हा भरायलाच लागणार. तुमच्या एमओव्हीत पीसीएम असेल तर चिंता नाही, सुधारलेली प्रत एफएलएसी करा: "-सी:ए एफएलएसी". त्यात आवाजाचं काही जात नाही आणि जागा डब्ल्यूएव्हीपेक्षा बरीच कमी लागते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही दोन तासांना सुमारे १.३८ जीबी होते. इथे मोनो होत असल्याने तीही निम्मी.

पुढच्या सप्ताहाला एक्सएलआरचा गरम पिन (सुलट्या आवाजाचा) दोन्ही चॅनलना जोडणारी केबल सोल्डर करून घ्या, आणि मिक्सरची लाइन पातळी कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला जास्त पडते म्हणून मध्ये अटेन्युएटर (पातळी कमी करणारा जोड) लावा. नाहीतर पुढच्या वर्षी टाळ रेकॉर्डिंगमध्येच फाटलेले मिळतील आणि ते कुठल्याही कमांडने शिवता येणार नाहीत.

---

टाळकरी

पॅन लावून बघितलं, डावा चॅनल साउंड बॉक्सवर खणखणीत वाजला. मोठं काम झालं. एक शंका: काही मोबाइल फाइलींत कॉपी केलेल्या एम४ए मध्येसुद्धा गजरात टाळ चिरकतात. तिथे पुन्हा दाबलं गेलेलं नाही ना? आणि सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायला लाउडनॉर्म लावावं असं वाचलं.

---

काळी खिडकी

कॉपीतही चिरकत असेल तर ते मुळातच आहे. मोजून बघा:

एफएफएमपेग -आय काला.एम४ए -एएफ व्हॉल्यूमडिटेक्ट -एफ नल -

कमाल पातळी ०.० डेसिबल आणि तिच्याखाली शून्य डेसिबलच्या सॅम्पलांची संख्या हजारांत असेल तर आवाज छताला आपटून कापला गेलाय. उलट कमाल -७ वगैरे असूनही चिरकत असेल तर मोबाइलचा माइकच स्पीकरजवळ होता, फाटला तो तिथे.

लाउडनॉर्म कीर्तनाला एका फेरीत लावू नका. बुवा दृष्टांत सांगताना आवाज खाली आणतात, तिथे तो फिल्टर पातळी वर ओढतो, पंख्याचा आवाज आणि खोकला वर येतो, आणि गजर सुरू झाला की सगळं दाबतो. चढ-उतार हाच तर कीर्तनाचा जीव, तो सपाट होतो. साधा उपाय: व्हॉल्यूमडिटेक्टने कमाल -७ सांगितली तर "-एएफ व्हॉल्यूम=६डीबी" द्या. सगळी फाइल सारख्याच मापाने वर जाते आणि एक डेसिबल मोकळा राहतो. लाउडनॉर्मच हवं असेल तर दोन फेऱ्यांत, पहिल्या फेरीत मोजलेले आकडे दुसरीला देऊन. शेवटी "-एआर ४८०००" लिहायला विसरू नका. नाहीतर हा फिल्टर सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झवर नेतो आणि एफएलएसी फाइल विनाकारण अवाढव्य होते.

---

रात्रपाळी

चौथी अडचण आणि डीव्हीडी राहिली.

मोबाइल आणि डीएसएलआरच्या फाइली एका लूपमध्ये काढा. कोडेक वेगवेगळे असल्याने डबा एमकेए घ्या, तो एएसी, पीसीएम, एसी३ सगळं घेतो:

शॉप्ट -एस नलग्लॉब नोकेसग्लॉब
फॉर एफ इन *.एमपी४ *.एमओव्ही; डू
एफएफएमपेग -नोएसटीडीइन -एन -आय "$एफ" -मॅप ०:ए:० -सी:ए कॉपी "$एफ.एमकेए"
डन

नोकेसग्लॉबमुळे मोठ्या अक्षरातलं एक्स्टेन्शनही पकडलं जातं. कॅमेरे बहुधा तसंच लिहितात आणि लिनक्सला ते वेगळं नाव. नलग्लॉबमुळे एखादा प्रकार नसला तर चांदणीच फाइलचं नाव म्हणून जात नाही. "-एन" मुळे आधी बनलेली फाइल पुसली जात नाही, म्हणून मध्येच थांबवून पुन्हा चालवता येतं. फक्त अर्धवट राहिलेली शेवटची फाइल आधी काढून टाका. अवतरणचिन्हं नसतील तर "काल्याचे कीर्तन" या नावाचे मोकळ्या जागेवर दोन तुकडे होतात.

नावापुढे मूळ एक्स्टेन्शन तसंच ठेवलंय ते मुद्दाम. दिवस३.एमपी४ आणि दिवस३.एमओव्ही दोन्ही असतील तर एक्स्टेन्शन काढल्यावर दोघांचं नाव एकच होतं, आणि "-एन" दुसरीला गुपचूप वगळतं. ६२ पैकी ६१ झाल्या हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

डीव्हीडीचं वेगळं. तिथे एकच कीर्तन जेमतेम १ जीबीच्या तुकड्यांत कापलेलं असतं: व्हीटीएस_०१_१, व्हीटीएस_०१_२ असं. तुकड्यांचा आवाज वेगवेगळा काढून मग जोडलात तर अभंगाच्या मधोमध टचका ऐकू येतो. आधी जोडा, मग काढा:

एफएफएमपेग -अ‍ॅनलाइझड्युरेशन १००एम -प्रोबसाइझ १००एम -आय "कॉन्कॅट:व्हीटीएस_०१_१.व्हीओबी|व्हीटीएस_०१_२.व्हीओबी" -मॅप ०:ए:० -सी:ए कॉपी दिवस१.एमकेए

शून्य क्रमांकाची व्हीओबी मेनूची असते, ती घेऊ नका. कमांडच्या सुरुवातीचे दोन १००एम नसतील तर आवाज उशिरा सुरू होणाऱ्या डिस्कमध्ये ऑडिओ स्ट्रीमच सापडत नाही. एफएफप्रोबने पीसीएम_डीव्हीडी सांगितलं तर "कॉपी" चालणार नाही, तिथे "-सी:ए एफएलएसी" द्या. ओरखडे असलेल्या डिस्कवरून थेट काढू नका, आधी डीडीरेस्क्यूने आयएसओ प्रतिमा घ्या. वाचता न आलेली जागा तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करून भरतो.

सगळं झालं की मूळ व्हिडिओला हात लावण्याआधी दोन तपासण्या. पहिली, मूळ व्हिडिओ आणि काढलेला आवाज या दोन्हींची लांबी:

एफएफप्रोब -व्ही एरर -शो_एंट्रीज फॉरमॅट=ड्युरेशन दिवस१.एमकेए

एक-दोन सेकंदांचा फरक चालतो, मिनिटांचा नाही. व्हीओबीची लांबी एफएफप्रोब कधी कधी चुकीची सांगतो, तिथे डीव्हीडी प्लेयरवर दिसणारी वेळ धरा. दुसरी, फाइल शेवटपर्यंत उलगडते का:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय दिवस१.एमकेए -एफ नल -

काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला तर फाइल धडधाकट. एखाद्या मोबाइल व्हिडिओवर "मूव्ह अ‍ॅटम सापडला नाही" आलं तर बॅटरी संपून रेकॉर्डिंग अर्धवट बंद पडलंय. ती फाइल एफएफएमपेगला उघडता येत नाही. अनट्रंक नावाचा प्रोग्राम त्याच मोबाइलवरची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून घेऊन बिघडलेली फाइल दुरुस्त करतो, म्हणून त्या फोनचा एखादा धड व्हिडिओ जपून ठेवा.

साउंड बॉक्सच्या एमपी३ साठी काळी खिडकी यांनी दिलेलाच स्थिर बिटरेट ठेवा. बदलता बिटरेट असला की स्वस्त प्लेयर एकूण वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे ढकलताना भलत्याच जागी जातात. सोबत "-आयडी३व्ही२_व्हर्जन ३" जोडा, जुन्या प्लेयरना आयडी३ची (फाइलमधल्या नाव वगैरे माहितीची) चौथी आवृत्ती वाचता येत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी आकड्यांत द्या. देवनागरी नावं तिथे चौकोन दिसतात, आणि एकअंकी क्रमांक दिले तर दहावी फाइल पहिलीनंतर लगेच वाजते.